वाढीव गुणसूत्रांचा येना येथील संग्रह : एक परीक्षण

जर्मनीतील येना विद्यापीठ रुग्णालयाच्या मानवी जनुकशास्त्र संस्थेतील थॉमस लीर यांनी माणसांत आढळणाऱ्या छोट्या, वाढीव गुणसूत्रांच्या नोंदींचा एक संग्रह वर्षानुवर्षे जोपासला आहे. जगभरच्या शास्त्रीय नियतकालिकांत छापून आलेली आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांनी कळवलेली हजारो प्रकरणे त्यात गुणसूत्रनिहाय लावलेली आहेत, आणि तो इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. मी पुण्यात जनुकीय समुपदेशनाचे काम करते. अशा छोट्या वाढीव गुणसूत्राचा, म्हणजेच ‘मार्कर’ गुणसूत्राचा, उल्लेख असलेला अहवाल हाती आला की त्याचा अर्थ लावण्यासाठी सर्वांत आधी मी हाच संग्रह उघडते. आपल्याकडच्या अनेक स्त्रीरोगतज्ज्ञांना, आणि प्रयोगशाळांत काम करणाऱ्या काही मंडळींनाही, तो पुरेसा परिचित नाही असे वारंवार जाणवते, म्हणून त्याचे मोल आणि त्याच्या उणिवा दोन्ही येथे तपशिलाने मांडते आहे.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे जो हिन त्जियो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी दाखवले, आणि त्यानंतर तीनच वर्षांत डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत २१ क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्त असते हे पॅरिसमधून जाहीर झाले. वाढीव गुणसूत्र म्हटले की आजही बहुतेकांच्या मनात तेच येते. मार्कर गुणसूत्राची गोष्ट निराळी आहे. ते अख्खे गुणसूत्र नसते, तर कुठल्यातरी गुणसूत्राचा गुणसूत्रबिंदूलगतचा, म्हणजे पेशीविभाजनात गुणसूत्र जेथे पकडले जाते त्या जागेलगतचा, लहानसा तुकडा असतो, कधी कडीच्या आकाराचा, कधी आरशातील प्रतिबिंबासारखा दुहेरी जुळलेला. त्याच पेशीतील २० क्रमांकाच्या गुणसूत्राएवढे किंवा त्याहून लहान, आणि गुणसूत्रांवर पट्टे उमटवणाऱ्या नेहमीच्या रंगण-पद्धतीने ज्याचे मूळ ओळखता येत नाही, अशी त्याची व्याख्या केली जाते. नवजात बालकांत त्याचे प्रमाण सुमारे ०.०४४ टक्के, म्हणजे साधारण २,३०० बाळांमागे एक असे आहे. वंध्यत्वाच्या तपासण्यांत ते ०.१२५ टक्क्यांच्या आसपास आणि बौद्धिक विकासात अडथळे असलेल्या व्यक्तींत ०.२८८ टक्क्यांच्या आसपास जाते. यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब अशी की, असे गुणसूत्र बाळगणाऱ्या व्यक्तींपैकी सुमारे ७० टक्के व्यक्तींना त्याचा काहीही त्रास नसतो, आणि त्यांतील बहुतेकांना आपल्या पेशींत ४७ गुणसूत्रे आहेत याचा आयुष्यभर पत्ताही नसतो.

या संग्रहाची गरज नेमकी येथेच निर्माण होते. १९९१ साली डोरोथी वॉरबर्टन यांनी पावणेचार लाखांहून अधिक गर्भजल तपासण्यांचा आढावा घेतला आणि आईवडिलांपैकी कोणातही नसलेले मार्कर गुणसूत्र गर्भात आढळल्यास बाळात व्यंग असण्याची जोखीम सरासरी १३ टक्के असल्याचे सांगितले. १९९८ साली इंग्लंडमधील जॉन क्रॉला यांनी हा आकडा फोडून दाखवला. मार्कर १५ क्रमांक वगळता इतर अग्रकेंद्री (गुणसूत्रबिंदू टोकाजवळ असलेल्या) गुणसूत्रांपासून, म्हणजे १३, १४, २१ किंवा २२ पासून बनलेले असेल तर जोखीम सुमारे ७ टक्के, आणि अग्रकेंद्री नसलेल्या गुणसूत्रापासून बनलेले असेल तर २८ टक्के. हे आकडे त्या काळी मोलाचे होते, पण समोर बसलेल्या दांपत्याला सरासरीचा उपयोग फारसा नसतो. त्यांच्या गर्भातील तुकडा निरुपद्रवी असतो किंवा नसतो. १३ टक्के उपद्रवी असा तुकडा नसतो. सरासरीकडून त्या विशिष्ट तुकड्याकडे जायचे तर तसाच तुकडा असलेली माणसे आधी कुठे सापडली आणि ती कशी आहेत, हे पाहावे लागते. येनाचा संग्रह हेच काम करतो.

एक प्रकरण सांगते; ओळख पटेल असे तपशील त्यातून वगळले आहेत. डबल मार्कर चाचणीत (ही गर्भारपणातील रक्तचाचणी; तिच्या नावाचा मार्कर गुणसूत्राशी संबंध नाही) जोखीम वाढलेली दिसल्याने एका तरुणीची गर्भजल तपासणी झाली आणि अहवालात लिहून आले की, तपासलेल्या सर्व पेशींत ४७ गुणसूत्रे असून त्यांतील एक अज्ञात मूळ असलेले मार्कर आहे. त्याखाली ‘वैद्यकीय संदर्भात अर्थ लावावा’ एवढे एकच वाक्य होते. प्रयोगशाळेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे अहवाल मी अनेक ठिकाणचे पाहिले आहेत. ती तरुणी, तिचा नवरा आणि सासूबाई असे तिघे जण आले होते. सासूबाई सुरुवातीलाच म्हणाल्या, “मॅडम, आमच्या घरात असलं काही नाही.” सुनेने मान खाली घातली आणि बऱ्याच वेळाने विचारले, “हे माझ्याकडून आलं असेल का?” मी दोघांचेही रक्त गुणसूत्र तपासणीसाठी मागवले, आणि गर्भाच्या पेशींवर फिश पद्धतीने, म्हणजे ठरावीक डीएनए-क्रमाला जाऊन चिकटणाऱ्या चमकत्या खुणा वापरून, पुढची तपासणी करायला सांगितले. मार्कर १५ क्रमांकाचे निघाले. त्यावर गुणसूत्रबिंदूची खूण दोनदा दिसत होती, पण प्रॅडर-विली आणि अँजेलमन या सिंड्रोमशी, म्हणजे बाळाच्या विकासावर परिणाम करणाऱ्या दोन जनुकीय विकारांशी, संबंधित भागाची खूण एकदाही दिसत नव्हती. आणि तेच मार्कर वडिलांच्या सर्व पेशींत होते. पस्तिशीचा, धडधाकट, स्वतःचा टेम्पो चालवणारा माणूस.

आता संग्रहात १५ क्रमांकाचे पान उघडल्यावर काय दिसते ते पाहा. सर्व मार्कर गुणसूत्रांपैकी सुमारे ३० टक्के एकट्या १५ क्रमांकापासून बनलेली असतात, त्यामुळे हे पान प्रचंड आहे. नोंदी दोन मोठ्या भागांत विभागलेल्या आहेत : ज्यांना कोणतीही लक्षणे नाहीत अशा व्यक्ती आणि ज्यांना लक्षणे आहेत अशा व्यक्ती. पहिल्या भागातील तुकडे जवळजवळ सगळे लांब भुजेच्या सुरुवातीलाच थांबतात, तर दुसऱ्या भागातील तुकड्यांत त्यापुढचा, प्रॅडर-विली व अँजेलमन यांच्याशी निगडित पट्टा हटकून सापडतो. त्या भागाच्या दोन जादा प्रती आल्या की मुलाचे स्नायू सैल असतात, अपस्मार जडतो, स्वमग्नतेची लक्षणे दिसतात आणि बोलणे मागे पडते. आमच्या दांपत्याचा तुकडा पहिल्या भागातील नोंदींशी जुळत होता. ते पान त्यांच्यासमोर ठेवून मी शास्त्रीय नावे वगळून एकेक ओळ समजावून सांगितली : ही एक बाई आहे, वंध्यत्वाच्या तपासणीत कळले, हा एक गृहस्थ, मुलाच्या तपासणीत कळले, हे एक बाळ, वडिलांकडून आलेले, वाढ व्यवस्थित. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी सुनेचा हात धरून तिला जिना उतरवला.

लक्षणे नसलेल्या व्यक्तींच्या नोंदी इतक्या निष्ठेने गोळा करणे हे या संग्रहाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे, असे माझे ठाम मत आहे. वैद्यकीय नियतकालिकांत आजारी माणूस छापला जातो. निरोगी माणसात सापडलेल्या विचित्र गुणसूत्राची दखल घ्यायला सहसा कोणाला सवड नसते. केवळ छापील प्रकरणे वाचणाऱ्या डॉक्टरांना त्यामुळे प्रत्येक मार्कर धोकादायक वाटू लागते, आणि ती भीती थेट गर्भपाताच्या सल्ल्यापर्यंत जाते. येनाच्या संग्रहाने निरोगी वाहकांना आजारी रुग्णांइतकीच जागा दिली, आणि त्यातून प्रत्येक गुणसूत्राच्या गुणसूत्रबिंदूभोवतीचा कोणता भाग माणसाला जास्तीचा चालतो व कोणत्या सीमेपलीकडे तो चालत नाही याचा नकाशाच तयार होत गेला. जनुकांच्या मात्रेबद्दलची इतकी थेट माहिती माणसावर प्रयोग करून कधीच मिळाली नसती. निसर्गाने घडवलेल्या तुकड्यांनी ती दिली.

हा नकाशा काही ठिकाणी चकित करणारा आहे. २२ क्रमांकाचा एक दुहेरी तुकडा कॅट आय सिंड्रोम घडवतो. डोळ्याच्या बुबुळातील फट, गुदद्वाराची अपुरी घडण आणि कानापुढील छिद्रे किंवा मांसल गाठी ही त्याची ठळक लक्षणे. पण ही सर्व लक्षणे एकत्र असलेले रुग्ण निम्म्याहूनही कमी असतात, आणि तोच तुकडा एकाच कुटुंबात एखाद्याला केवळ कानापुढचे छिद्र देऊन थांबतो, तर दुसऱ्याला हृदयाचा गंभीर दोष देतो. १२ क्रमांकाच्या आखूड भुजेच्या दोन प्रती जुळून बनणारे वाढीव गुणसूत्र पॅलिस्टर-किलियन सिंड्रोमला कारण होते. १९७७ साली फिलिप पॅलिस्टर यांनी वर्णन केलेल्या या आजारात ते गुणसूत्र त्वचेच्या पेशींत भरपूर सापडते, पण रक्ताच्या पेशींतून बहुधा नाहीसे झालेले असते. रक्ताचा अहवाल निर्दोष आला म्हणून आईवडिलांना निश्चिंत करून घरी पाठवल्याची उदाहरणे माझ्याकडे आलेली आहेत. त्वचेचा किंवा गालाच्या आतील पेशींचा नमुना घेतल्यावरच खरे निदान झाले. आणि तुकडा लहान म्हणून तो सौम्यच असेल असेही नाही. टर्नर सिंड्रोम, म्हणजे दुसरे एक्स गुणसूत्र नसल्याने किंवा अपुरे असल्याने होणारा विकार, असलेल्या काही मुलींत एक्स गुणसूत्राची इवलीशी कडी असते. तिच्यात एक्सिस्ट हे, जादा एक्स बंद पाडणारे, जनुक नसेल तर ती निष्क्रिय होत नाही, आणि इतका छोटा तुकडा असूनही मुलीला टर्नर सिंड्रोमच्या नेहमीच्या लक्षणांपेक्षा कितीतरी गंभीर त्रास संभवतो.

ज्या भागाकडे मी स्वतः कामाव्यतिरिक्तही वळते तो आहे नव्याने उद्भवलेल्या गुणसूत्रबिंदूंचा. पेशीचे विभाजन होताना तर्कूचे धागे गुणसूत्राला जेथे पकडतात तो गुणसूत्रबिंदू. तो नसलेला तुकडा विभाजनात हरवतो. माणसाच्या सर्व गुणसूत्रबिंदूंत सुमारे १७१ अक्षरांचा एक डीएनए-क्रम हजारो वेळा पुनरावृत्त झालेला असतो, त्याला अल्फा सॅटेलाइट म्हणतात, आणि हा क्रम म्हणजेच गुणसूत्रबिंदू असे दीर्घकाळ मानले जात होते. १९९३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी १० क्रमांकाच्या गुणसूत्रापासून बनलेले एक मार्कर वर्णिले, ज्यात अल्फा सॅटेलाइट मुळीच नव्हते, आणि तरीही ते पेशीच्या प्रत्येक विभाजनात व्यवस्थित पुढे जात होते. गुणसूत्राच्या भुजेवरील साध्या डीएनएवर नवा गुणसूत्रबिंदू उभा राहिला होता. पुढे अशी अनेक मार्कर वेगवेगळ्या गुणसूत्रांवर सापडली, आणि हे स्पष्ट झाले की गुणसूत्रबिंदूची जागा केवळ डीएनएच्या अक्षरांनी ठरत नाही, तर तेथे बसलेल्या सेन्प-ए नावाच्या विशिष्ट प्रथिनाने ती राखली जाते आणि पेशी ती खूण पिढ्यान्‌पिढ्या पुढे देते. वंशपरंपरेने केवळ डीएनएचा क्रमच पुढे जातो ही समजूत ज्या गोष्टींनी मोडली त्यांत या तुकड्यांचा वाटा मोठा आहे. संग्रहात अशा नोंदी स्वतंत्रपणे पाहता येतात आणि अभ्यासूंनी त्या आवर्जून पाहाव्यात.

एमॅन्युएल सिंड्रोमच्या नोंदी पाहताना मात्र वाचणाऱ्याने आईवडिलांकडे लक्ष द्यावे. येथे बाळातील वाढीव गुणसूत्र २२ आणि ११ या दोहोंच्या तुकड्यांचे बनलेले असते, कारण आईवडिलांपैकी एकात या दोन गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते. त्या व्यक्तीत काहीही कमी-जास्त नसल्याने ती पूर्णपणे निरोगी असते. वारंवार गर्भपात होणे हीच काय ती खूण. एकमेकांशी नाते नसलेल्या कुटुंबांत हीच अदलाबदल पुन्हापुन्हा त्याच जागी होते, कारण दोन्ही ठिकाणचा डीएनए उलटसुलट सारखाच वाचला जातो, स्वतःवरच दुमडतो आणि तुटतो. अशा कुटुंबात केवळ बाळाचे निदान करून थांबणे म्हणजे अर्धेच काम झाले. भावंडांची तपासणी सुचवलीच पाहिजे.

आता उणिवा. संग्रहाची मांडणी जुन्या वळणाची आहे : लांबच लांब तक्ते, बारीक अक्षरे, संक्षेपांची गर्दी. मोबाइलवर तो वाचणे जिकिरीचे आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक पालक मोबाइलवरच शोध घेतात. भाषा इंग्रजी, तीही गुणसूत्रशास्त्राच्या सांकेतिक लिपीत, त्यामुळे प्रशिक्षण न घेतलेल्या डॉक्टरलाही पहिल्या भेटीत फारसे हाती लागत नाही. जुन्या नोंदींत तुकड्याचे वर्णन केवळ पट्ट्यांच्या भाषेत असते. अलीकडच्या मायक्रोअरेच्या, म्हणजे डीएनएचा कोणता भाग जास्त वा कमी आहे हे मोजणाऱ्या तपासणीच्या, अहवालातील नेमक्या अक्षरक्रमांकांशी ते जुळवताना अंदाज करावा लागतो, आणि सीमेवर असलेल्या तुकड्याच्या बाबतीत हाच अंदाज निर्णायक ठरतो. लक्षणांचे वर्णनही अनेकदा एका ओळीत आटोपलेले असते : ‘विकास मंद’ म्हणजे नेमका किती, आणि कोणत्या वयात पाहिलेला, हे कळत नाही. गर्भावस्थेत किंवा जन्मतः निरोगी म्हणून नोंदवलेल्या बाळाचे पाचव्या वर्षी काय झाले, ही माहिती पुष्कळ ठिकाणी नाही. समुपदेशकाने हे दांपत्याला स्पष्ट सांगायला हवे.

आणखी एक धोका संग्रहाचा नाही, वापरणाऱ्याचा आहे. सारखा दिसणारा तुकडा सापडला की काम संपले असे वाटते. पण मार्कर अनेकदा काहीच पेशींत असते, आणि कोणत्या अवयवात किती पेशींत आहे हे रक्तावरून सांगता येत नाही. शिवाय मार्कर ज्या गुणसूत्राचे आहे त्याच्या उरलेल्या दोन्ही पूर्ण प्रती आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेल्या असू शकतात. १५ क्रमांकाच्या बाबतीत तसे झाले तर मार्कर निरुपद्रवी असूनही बाळाला प्रॅडर-विली किंवा अँजेलमन सिंड्रोम होतो. लीर यांनी या प्रकारच्या प्रकरणांचाही वेगळा संग्रह ठेवला आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आपल्याकडच्या परिस्थितीत हा संग्रह वापरायचा तर त्याआधीच्या साखळीकडे लक्ष द्यावे लागते. गुणसूत्र तपासणीसाठी रक्त हिरव्या झाकणाच्या, सोडियम हेपॅरिन असलेल्या नळीत घ्यावे लागते, कारण पेशी जिवंत राहून वाढायला हव्यात. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी डीएनएच्या तपासणीसाठी. तालुक्याच्या गावातून चुकीच्या नळीत, तीही दिवसभर उन्हात फिरून आलेली रक्ते मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाया जातो तो कुटुंबाचा वेळ. गर्भाच्या बाबतीत वेळच सर्वांत महाग असतो. गर्भजल सोळाव्या आठवड्यानंतर काढले, पेशी वाढवून अहवाल यायला दोन ते तीन आठवडे लागले, मग मार्करचे मूळ शोधायला फिश आणि मायक्रोअरे, मग आईवडिलांचे रक्त. तोवर गर्भपाताच्या कायद्याची २४ आठवड्यांची मर्यादा समोर उभी राहते. त्यापुढे निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. म्हणून मार्कर दिसताच प्रयोगशाळेने स्वतःहून फोन करावा, शिल्लक पेशी फेकू नयेत आणि आईवडिलांचे नमुने त्याच दिवशी मागवावेत, एवढी अपेक्षा मी ठेवते. काही प्रयोगशाळा हे उत्तम करतात. ज्या करत नाहीत त्यांच्या अहवालावर येनाचा संग्रहसुद्धा काही करू शकत नाही, कारण ‘अज्ञात मूळ’ या शीर्षकाखाली शोधण्यासारखे काही नसते. केवळ मायक्रोअरेवर विसंबणेही योग्य नाही. ज्या मार्करमध्ये जनुकेच नसतात किंवा जे थोड्याच पेशींत असते ते त्या तपासणीत निसटते, आणि निसटले हे कोणाला कळतही नाही.

जनुकीय समुपदेशक, गुणसूत्र प्रयोगशाळेत काम करणारे तंत्रज्ञ, गर्भवैद्यकाचे तज्ज्ञ आणि जीवशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी यांना मी हा संग्रह निःसंकोच सुचवते. याच्या तोडीचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. पालकांनी मात्र तो एकट्याने, रात्री, अहवाल हातात घेऊन उघडू नये. लक्षणांची यादी वाचून घाबरलेल्या आणि त्याच्या शेजारची निरोगी व्यक्तींची यादी न पाहिलेल्या आया माझ्याकडे येतात. पालकांसाठी इंग्लंडमधील युनिक या, दुर्मीळ गुणसूत्र-विकार असलेल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या, संस्थेची माहितीपत्रके अधिक सोयीची आहेत, तीही विनामूल्य मिळतात. मराठीत तशी पत्रके मी अजून पाहिलेली नाहीत, आणि ती व्हायला हवीत. आपल्या प्रयोगशाळांना माझे एक सांगणे आहे. टेम्पो चालवणाऱ्या त्या वडिलांसारखे निरोगी वाहक आपल्याकडे सापडतात आणि त्यांचे अहवाल फायलीत राहतात. संबंधितांची लेखी संमती घेऊन, ओळख पूर्णपणे वगळून ती प्रकरणे लीर यांना कळवता येतात. त्यासाठी फिशचे निष्कर्ष, पेशींतील प्रमाण, आईवडिलांचे अहवाल आणि तपासणीच्या वेळचे वय एवढी माहिती पुरेशी नेमकी लिहिलेली असली पाहिजे, आणि ती अहवाल देतानाच टिपून ठेवली तर पुन्हा शोधावी लागत नाही.